सुतळीला बांधलेली कार्डं

यवतमाळ जिल्ह्यात जाऊन काय पाहिलंस, असं सांगलीत परत आल्यावर ज्याने त्याने विचारलं. मी म्हणायची, पाण्याची मशीनं. मग विचारणाऱ्याचा चेहरा असा काही पडायचा की मलाच वाईट वाटायचं. पण खोटं कशाला सांगू? डिसेंबरात पाच दिवस मी तिकडे हिंडले ते माणसं पिण्याचं पाणी कसं घेऊन जातात एवढंच बघायला.

थोडं मागचं सांगते. बँकेत कॅशच्या खिडकीत जन्म गेला. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा बरं म्हणून सांगलीच्याच एका संस्थेत हिशेब तपासायला जायला लागले. ही संस्था खेड्यांत पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवते. यवतमाळच्या त्या भागात बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे गुडघे धरतात. म्हणून गावोगावी एक खोली, खोलीत यंत्र, बाहेर नळ. वीस लिटरचा कॅन लावायचा आणि भरून न्यायचा. काही गावांत त्यासाठी कागदी कुपन द्यावं लागतं, काही गावांत आता स्मार्ट कार्ड आलंय. यंत्राला कार्ड टेकवलं की पाणी सुटतं. दोन्हींत बरं काय, ते बघून लिहून आणा, असं मला सांगण्यात आलं.

यवतमाळला एसटी स्टँडवर सुधाकरभाऊ घ्यायला आले होते. ते आमच्या संस्थेचे जिल्ह्यातले माणूस. त्यांनी आधी तर्रीपोहे खायला घातले. कोल्हापुरी तिखटाची मी बढाई मारत होते, ती दुसऱ्या घासाला जिरली. उचकी थांबेपर्यंत ते पाण्याचे ग्लास पुढे करत राहिले आणि मग मुद्द्यावर आले. पहिली दोन गावं सोपी आहेत, तिसरं मुकुटबनच्या अलीकडचं गाव जरा नाजूक आहे, म्हणाले. तिथे तीन महिन्यांपूर्वी कुपनं बंद करून कार्डं दिली. तेव्हापासून कार्डं मरतायत. आज चालतं, उद्या चालत नाही. यंत्र चालवायला रत्नमाला नावाची बाई आहे. कुपनं होती तेव्हा सगळा कारभार तिच्या हातात होता, तो गेला, म्हणून तीच कार्डं मारते असं गावाचं म्हणणं. शुक्रवारी गावची सभा आहे. मी लिहीन त्यावर बाई राहणार की जाणार हे ठरणार होतं.

खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की बाईच करत असणार. खिडकीत इतकी वर्षं बसलं की माणूस आधी संशय घेतो आणि मग चष्मा लावतो.

फुलसावंगीकडे

महागावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. आमच्याकडे उसामुळे शेतातलं माणूस दिसत नाही. इथे वेचणाऱ्या बाया कमरेइतक्या पऱ्हाटीत उभ्या, कमरेला ओटी बांधलेली, आणि हात चालू. कापूस भरलेल्या ट्रॅक्टरमागे आमची गाडी पाऊण तास रखडली. वाऱ्याने कापसाचे पुंजके उडून खिडकीतून आत येत होते.

फुलसावंगीपासून जवळच्याच एका गावात कुपनाचा कारभार होता. कुपन म्हणजे पिवळ्या जाड कागदाचा तुकडा, त्यावर शिक्का. आधी घेऊन ठेवायचं, कॅन भरताना द्यायचं. मी दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसले. कुपन शर्टाच्या खिशात धुतलं जातं, मग त्याचा लगदा घेऊन माणूस येतो आणि हे कुपनच आहे म्हणून शपथा घेतो. शेळीने खाल्लं हे कारण दोघांनी दिलं. शेळी एकच होती की दोन, ते मी विचारलं नाही.

पण एक गोष्ट मला आवडली. तांड्यावरच्या एका घरी साखरपुडा होता. सकाळपासून माणसं येऊन त्या घरच्या म्हातारबाबांच्या हातात एकेक कुपन ठेवून जात होती. पाव्हणे येणार, पाणी जास्त लागणार, म्हणून ज्याच्या त्याच्या घरचं एक. आमच्याकडे आहेराची पाकिटं देतात, इथे पाणी देत होते. कार्डाने हे कसं करणार, असं मी वहीत लिहिलं.

दुपारी त्याच घरी जेवले. ज्वारीची भाकर, तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी, ज्याला इकडे सोले म्हणतात, आणि लसणाचा ठेचा. ठेच्याला मी हात लावला नाही. यवतमाळच्या उचकीने अक्कल आली होती.

मारेगाव

मारेगावच्या बाजूच्या गावात सगळं कार्डावर होतं. पांढरं, बँकेच्या कार्डाएवढं, वर घराचा नंबर. रांग नाही, सुट्टे नाहीत, यंत्रापाशी माणूसही नाही. पहाटे शेतावर जायच्या आधी कॅन भरून मोकळे. एक कोलाम जमातीचे आजोबा कार्ड गळ्यात घालूनच आले. कार्डासोबत सगळ्यांना प्लास्टिकचं पाकीट आणि गोफ मिळाला होता. आजोबांनी सदऱ्यातून तो गोफ ओढून काढला, कार्ड यंत्राला टेकवलं, पाणी घेतलं आणि मला विचारलं की मी कोणाच्या घरची पाहुणी. मी मशीन बघायला सांगलीहून आले म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि कॅन उचलून गेले.

इथली अडचण वेगळी. घराला एक कार्ड, दिवसाला एक कॅन. दोन भावांच्या चुली वेगळ्या झालेल्या, पण कार्ड बापाच्या नावावर. मग दोन सुना एक दिवसाआड भिंतीवरून कार्ड इकडून तिकडे देतात. ज्या दिवशी भांडण होतं त्या दिवशी कार्ड भिंतीवर पोचत नाही. हे मला धाकट्या सुनेने सांगितलं, थोरलीने सांगितलं तेव्हा भांडण धाकटीने काढलेलं होतं.

एकंदरीत कार्ड बरं, असं मत घेऊनच मी तिथून निघाले.

मुकुटबनच्या अलीकडे

इथे जमीन बदलते. सागाची झाडं रस्त्याला येऊन टेकतात, आणि मध्येच कोळशाचा ट्रक धूळ उडवत जातो. मुकुटबनच्या स्टँडवर उतरताना माझ्या बॅगेचा पट्टा तुटला. बॅग धुळीत, मी वैतागलेली. पाणी समितीचे अध्यक्ष दादाराव मोटारसायकलवर घ्यायला आले होते. मला त्यांच्याकडेच उतरायचं होतं. पन्नाशीचे, कापूस आणि तुरीची शेती, आवाज खणखणीत. घरी पोचल्याबरोबर त्यांनी दारामागून दाभण काढलं, सुतळी ओवली आणि चहा होईपर्यंत पट्टा असा शिवून दिला की तो आजही तसाच आहे. कापसाची बोंदरी, म्हणजे मोठाली पोती, शिवणारा हात तो. त्या घरात दाभण आणि सुतळी दाराच्या मागेच असते आणि जे म्हणून हरवण्यासारखं आहे ते सुतळीने बांधलेलं असतं. किल्ल्या खुंटीला, अडकित्ता पानाच्या डब्याला, पेन कॅलेंडरला.

संध्याकाळी यंत्राकडे गेलो. रत्नाताई तिथे होत्या. चाळिशीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. त्यांनी मला खुर्ची पुसून दिली आणि गप्प उभ्या राहिल्या. मी विचारेन तेवढंच बोलायचं असं ठरवून आल्या असाव्यात.

मी बाजूला बसून पाहिलं. कॅन सायकलीवर, मोटारसायकलीवर, डोक्यावर येत होते. जवळपास प्रत्येक कॅनच्या मुठीला कार्ड सुतळीने बांधलेलं. मला ते नीटनेटकं वाटलं. तिघांपैकी एकाचं कार्ड यंत्राला टेकवूनही पाणी येत नव्हतं. मग रत्नाताई पदराआडचा बटवा काढून त्यातलं आपलं कार्ड (यंत्र चालवणारीच्या कार्डाला कॅनची मर्यादा नसते) टेकवायच्या आणि त्या माणसाला पाणी द्यायच्या. दादारावांचा खरा राग यावर होता. सगळ्यांची कार्डं मरतात आणि हिचं एकटीचं बरोबर चालतं. माझ्या कानाशी लागून ते म्हणाले, आता तुम्हीच समजा.

मी यवतमाळहून नवी कार्डं आणली होती. त्यातलं एक दादारावांना दिलं. तिथल्या तिथे लावून पाहिलं, पाणी आलं. ते कार्ड खिशात घालून आम्ही घरी गेलो. वहिनींनी पातोडीचा रस्सा केला होता, बेसनाच्या वड्या लाल रश्श्यात. माझ्यासाठी म्हणून कमी तिखट. डोळ्यांतून पाणी आलंच, पण जेवले पोटभर.

सकाळी उठले तर दादाराव ओट्यावर बसलेले. शेगडीत दाभण तापवलेलं. माझ्याच समोर त्यांनी नव्या कार्डाच्या कोपऱ्यात दाभण टोचलं, प्लास्टिकचा वास सुटला, आणि भोकातून सुतळी ओवून कार्ड कॅनच्या मुठीला पक्कं बांधलं. माझ्या बॅगेइतकंच सुबक काम. मी कौतुक केलं. हो, चक्क कौतुक केलं.

यंत्रापाशी गेलो. कार्ड टेकवलं. पाणी नाही. पुन्हा टेकवलं. नाही.

"पाहून घ्या मॅडम," दादाराव म्हणाले. "काल तुमच्यासमोर चालू होतं, आज मेलं. आता सांगा, कोण मारून राह्यलं?"

रत्नाताई चार हातांवर उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही, पण हातातला फडका नुसता पिळत राहिल्या.

मी विचारलं, "दादाराव, कालपासून हे कार्ड कुठं होतं?"

"माह्या घरी."

"रत्नाताई तुमच्या घरी आल्या होत्या?"

"थे कायले येते माह्या घरी?"

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. पण कार्डाचा अर्थ मात्र लागला. रत्नाताईंनी हात न लावता कार्ड मेलं होतं. मी ते सुतळीसकट उन्हाकडे धरलं. पांढऱ्या प्लास्टिकच्या आत कडेकडेने चौफेर फिरवलेली केसासारखी तार दिसते. दाभणाने तीच तोडली होती. मग मी येईल त्या कॅनचं कार्ड उन्हात धरत बसले. ज्याचं भोक कडेला, कोपऱ्यात, ते मेलेलं. ज्याने आत मध्यावर भोक पाडलं त्याचं जिवंत. आणि रत्नाताईंचं बटव्यात असायचं, त्याला भोकच नव्हतं.

दादाराव मोटारसायकल काढून गेले. दुपारी सभा होती.

मी आणि रत्नाताई दोघीच राहिलो. तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळं बोलल्या. (इकडे बायाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, दोन दिवसांत कान रुळतो.) त्यांच्या सासूला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. खाली उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर घ्यायचं. पुढे घर बौद्ध झालं, पण विहीर तीच राहिली. आणि आता साऱ्या गावाला पाणी मी देतो, असं त्या म्हणाल्या, आणि ते म्हणताना पहिल्यांदा हसल्या. पगार थोडाच होता. गेला तर त्या कापूस वेचायला जातील, पोटाचं त्यांना भय नव्हतं. त्यांना यंत्राची ही खोली सोडायची नव्हती.

मी विचारलं, कुपन गेलं त्याचं तुम्हाला वाईट वाटलं का? लोक तेच म्हणतात.

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, कुपन हातात द्यावं लागे. दोन-चार घरच्या बाया वरून टाकत, बाकीच्या हातात देत. देता-घेता एखादी उभी राही, पोरीचं विचारी. आता कार्ड मशीनला टेकवतात आणि जातात. हाताला हात लागत नाही. ज्यांना हे बरं वाटतं त्यांना बरं वाटतं. एवढं बोलून त्या नळ पुसायला लागल्या.

तीन दिवस मी कार्ड आणि कुपन यांचे गुणदोष वहीत भरत होते. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली.

मग मला मारेगावचे आजोबा आठवले. त्यांच्या कार्डाला पाकीट होतं, गोफ होता, त्यामुळे भोक पाडायची कोणाला गरजच पडली नाही. इथल्या लोकांना पाकिटं का दिली नाहीत? मी सुधाकरभाऊंना फोन लावला. त्यांनी जुनी यादी काढून पाहिली.

"मॅडम," ते म्हणाले, "पाकिटं तुम्हीच काटली होती."

खरंच होतं. इथल्या सामानाची यादी सांगलीत माझ्याच टेबलावर आली होती. पाकिटांच्या ओळीवर मी लाल रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, गरज नाही, बँकेची कार्डं लोक अशीच वापरतात. कोणाची कार्डं, कुठले लोक? पर्स असलेले, पाकीट असलेले. कॅन डोक्यावर आणि विळा हातात असलेल्या बाईने कार्ड कुठे ठेवायचं, हा विचार मला शिवला नव्हता.

तासभर मी त्या खोलीत बसून होते. फक्त भोकाचं सांगावं आणि मोकळं व्हावं, असं मनात येऊन गेलं. रत्नाताई तेवढ्यानेही सुटल्या असत्या.

सभा

सभा शाळेच्या पटांगणात झाली. कापसाचे दिवस, त्यामुळे माणसं जेमतेम पन्नास असतील. दादारावांनी सुरुवातीलाच विषय मांडला, पण सकाळचा जोर नव्हता. मी उठून कार्ड उन्हात धरलं, चार जणांना बोलावून तार दाखवली, तुटलेली जागा दाखवली. कुजबूज झाली. बऱ्याच जणांच्या नजरा आपापल्या कॅनकडे गेल्या.

मागून एकाने विचारलं, "मंग भोक पाडू नका म्हून आमाले कोणी सांगतलं काहून नाई?"

बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, चूक माझी आहे. कार्डासोबत पाकिटं येणार होती, ती मी सांगलीत बसून काटली. रत्नाताईंचा यात काडीचाही संबंध नाही.

हशा पिकला. अगदी मनापासूनचा. दादाराव सगळ्यांत मोठ्याने हसले, त्यांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं होतं. कोणी म्हणालं, मॅडम, होते असं. कोणी खुर्ची पुढे सरकवली. चहा आला, सोबत चिवडा आला. ठराव दोन ओळींत झाला. पाकिटं मागवायची, मेलेली कार्डं बदलून द्यायची, मी फुलसावंगीकडचं सांगितलं त्यावरून लग्नकार्यापुरती कुपनं पुन्हा सुरू करायची आणि रत्नमाला आहे तिथेच राहील. मला इतकं हलकं वाटलं की चिवडा दोनदा घेतला. रत्नाताई पटांगणाच्या कडेला बायांमध्ये बसल्या होत्या. ठराव झाल्यावर उठून त्या यंत्र सुरू करायला गेल्या.

मुकुटबनला जायला ऑटो फाट्यावर मिळतो. फाट्यापर्यंत रत्नाताई सोबत आल्या. बॅग त्यांनी घेतली, मी नको म्हणताना. मला वाटलं, आभार मानतील. मी त्यासाठी नाही-हो-कसलं-आलंय असं काहीसं तयारही ठेवलं होतं.

"एक इचारू?" त्या म्हणाल्या. "तुमी चूक केली म्हून सांगतलं, त सारे हासले. तुमाले खुर्ची देली, चहा देला. म्या काईच केलं नोयतं, त तीन महिने लोकं माह्याकडं चोरावानी पाहून राह्यले. आज कोणी मले म्हणलं का, रत्ना, आमचं चुकलं?"

मी नाही म्हटलं.

"मंग थे बी लिहा तुमच्या कागदात."

ऑटो आला. त्यांनी बॅग आत ठेवली, पट्ट्याची शिवण एकदा ओढून पाहिली आणि शेताच्या वाटेने परत गेल्या.

सांगलीला येऊन मी अहवाल लिहिला. कार्डाचे फायदे, कुपनाचे फायदे, पाकिटं आवश्यक. शेवटी रत्नाताईंचं बोलणं त्यांच्याच शब्दांत घातलं. हे कुठल्या मुद्द्यात येतं, असं आमच्या ऑफिसात विचारलं. मी म्हटलं, कुठल्याच नाही, पण काढायचं नाही.

महिन्याने दादारावांचा फोन आला. पाकिटं पोचली, सगळी कार्डं चालतायत, कोणाची तक्रार नाही. फार खुशीत होते. पुढच्या हिवाळ्यात हुरडा खायला या म्हणाले, वहिनींनीही आत्तापासून बोलावणं दिलं. मी येते म्हटलं. मग विचारलं, रत्नाताईंना गावातलं कोणी काही म्हणालं का?

दादाराव थोडा वेळ खरोखरच आठवत राहिले.

"कायबद्दल जी?" त्यांनी विचारलं.